यजमान हीच कृमीची ओळख नव्हे : गोलकृमींच्या जनुकीय संबंधांची चिकित्सा

प्रस्तावना : परजीवी कृमींचे जातिनिर्धारण करताना यजमानाला निर्णायक महत्त्व देण्याची प्रवृत्ती प्राणिशास्त्राच्या अध्यापनात आढळते. मेंढीत सापडला तो मेंढीचा कृमी, गाईत सापडला तो गाईचा, असे हे गृहीतक होय. यजमानाच्या वंशवृक्षाला समांतर असा परजीवीचा वंशवृक्ष विस्तारतो, हा फारेनहोल्झचा नियम त्यास सैद्धांतिक आधार पुरवितो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या पशुपालक प्रदेशात या गृहीतकाची चिकित्सा केवळ तात्त्विक राहत नाही.

शिशुधान प्राण्यांतील पुरावा : चिल्टन, बेव्हरिज व अँड्र्यूज यांनी १९९२ मध्ये कांगारू व वॉलबी यांच्या आतड्यातील हायपोडोंटस मॅक्रोपाय या गोलकृमीचा अभ्यास एंझाइमांच्या विद्युत्-संचारणाद्वारे प्रसिद्ध केला. एकच समजली जाणारी ही जाती प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह असल्याचे त्यातून दिसून आले. बाह्यरचना सारखी, परंतु जनुकीय घडण भिन्न. आणि ही भिन्नता बहुतांशी यजमानानुसार. येथे सूक्ष्मदर्शकाची मर्यादा उघड होते. तथापि, यजमानावरूनच जाती ठरवावी, असा सार्वत्रिक निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल.

स्थानिक संदर्भ : संगमनेरी शेळी व दख्खनी मेंढी यांच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्तशोषण करणारा हिमोंकस कंटॉर्टस आणि प्रामुख्याने गोवंशात आढळणारा हिमोंकस प्लेसी या निकटच्या जाती होत. राइबोसोमल डीएनएच्या आयटीएस-२ या २३१ घटकांच्या खंडात त्यांच्यात केवळ ३ ठिकाणी स्थिर भेद आहेत. सामायिक कुरणात एका यजमानाच्या विष्ठेतून आलेल्या अळ्या गवताबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात. या दोन जातींच्या नैसर्गिक संकराचा जनुकीय पुरावाही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. म्हणजेच येथे यजमानाची सीमा अभेद्य नाही.

याचा परिणाम थेट पशुपालकावर होतो. बेन्झिमिडाझोल गटातील औषधांना होणारा प्रतिकार मुख्यतः बीटा-ट्यूब्युलिन जनुकातील बदलांशी निगडित आहे. त्यांपैकी २०० व्या स्थानी फेनिलॲलनिनऐवजी टायरोसिन येणे हा सुपरिचित बदल होय. संकरामुळे असा बदल एका जातीतून दुसरीत जाऊ शकतो. कळपात औषध का लागू पडत नाही, याचे उत्तर मग केवळ जातीच्या नावात सापडत नाही.

जनुकीय पद्धतीही निर्दोष नाही. आयटीएस-२ जातीविषयी सांगते, औषधप्रतिकाराविषयी मौन पाळते. एकाच खंडावर रचलेला वंशवृक्ष त्या खंडाचा असतो, संपूर्ण जीवाचा असेलच असे नाही.

निष्कर्ष : आकारविज्ञान, यजमान व जनुक ही तिन्ही प्रमाणे परस्परपूरक मानणे आवश्यक आहे. फॉर्मॅलिनमुळे डीएनएची हानी होत असल्याने महाविद्यालयीन संग्रहांत प्रत्येक संकलनातील काही नमुने इथेनॉलमध्ये, यजमान, स्थळ व दिनांकाच्या नोंदीसह जतन व्हावेत. नमुनाच तपासण्याजोगा उरला नाही, तर नव्या जातीचा दावा सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.