गळा घट्ट झालाय, पण सांगणार कोण?

घरगुती विणकामात आज मदतीला तोटा नाही. सुई धरायची कशी इथपासून मुंढ्याचे टाके कसे घटवायचे इथपर्यंत काहीही विचारा, सोसायटीतल्या काकू, लोकरीच्या दुकानातला माणूस किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ, कुणीतरी सांगतंच. टाका गळून खाली शिडी पडली, तर क्रोशाच्या सुईने तो खालून उचलायचा, वरचा एकेक आडवा धागा त्यातून ओढत सुईपर्यंत आणायचा, हे पाच मिनिटांत शिकवून होतं. जाळीची वीण सुरू करण्याआधी सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेव, चुकलीस तर तिथपर्यंतच उसवेल, हा सल्ला तर जुन्याजाणत्या बायका न विचारताही देतात. गाण्यातले बुवा बंदिश हातची सोडत नसत म्हणे. विणकामात मात्र नमुना मागितला आणि मिळाला नाही, असं क्वचितच होतं.

तरीही तयार वस्तू एकामागून एक पाहिल्या की काहीतरी अडल्यासारखं वाटतं. टाके एकसारखे, उलट बाजू सुबक, कडेची शिवण शोधावी लागते. आणि स्वेटर अंगात नीट बसत नाही. खांदे दंडावर उतरतात, बाही कोपरात फुगते, पाठ वर चढते. विणणारीच्या हातात दोष नाही. वस्तू पूर्ण होईपर्यंत शंभर जणी मदतीला असतात आणि पूर्ण झाली की त्याच शंभर जणी 'छान झालंय गं' म्हणून मोकळ्या होतात. आपल्या हौशी विणकामात सल्ला उदंड आहे, समीक्षा जवळपास नाही, आणि ही कला जिथल्या तिथे राहिली आहे ती मुख्यतः यामुळे, असं माझं मत आहे.

याची मुळं जुनी आहेत. आपल्याकडे विणकाम लोकांसमोर मांडण्याची ठरलेली जागा म्हणजे रुखवत. क्रोशाचे रुमाल, टेबलक्लॉथ, तोरणं, एके काळी टीव्ही आणि टेलिफोनवरची झाकणंसुद्धा तिथे मांडली जात. रुखवत पाहायला आलेली विहीणबाई विणीतले खांब मोजत बसत नाही. कौतुक करायचं आणि पुढे सरकायचं, हाच तिथला शिष्टाचार. शिवाय रुमालाला कुणाच्या मापात बसायचं नसतं, तो चौकोनी किंवा गोल झाला की काम झालं. या रुमालाची सवय अंगावर घालायच्या कपड्यांना लागली, आणि गोंधळ तिथे सुरू झाला.

बाळंतविड्याचंच घ्या. आजही मराठी घरात सुया बाहेर निघतात त्या बहुतेक वेळा बाळाच्या चाहुलीने. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं असा संच होतो आणि दिसतो देखणा. पण नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, आणि अंगाच्या मानाने डोकं मोठं. एक सुलट एक उलट अशा पट्टीने गळा विणून टाके घट्ट बंद केले, तर तो डोक्यावरून उतरत नाही. बाळ रडतं, आई वैतागते, स्वेटर फोटोपुरता घातला जातो. टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घेतली किंवा खांद्यावर दोन बटणांची पट्टी ठेवली तर प्रश्न सुटतो. हातमोज्यांना जाळी ठेवली की बाळाची बोटं तिच्यात अडकतात, हेही तसंच. या गोष्टी प्रत्येक आईला दोन दिवसांत कळतात. विणणाऱ्या मावशीपर्यंत मात्र कधीच पोचत नाहीत. भेट म्हणून दिलेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार? मग पुढच्या बाळालाही तोच गळा.

आणि लोकर? दुकानात मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रिलिक असते, तिच्यात मेंढीचा केससुद्धा नसतो. धुवायला सोपी, रंग पक्के, किंमत परवडणारी, म्हणून ती चालते. पण रत्नागिरीत मे महिन्यात जन्मलेल्या बाळाला ॲक्रिलिकचं टोपडं घालणं म्हणजे प्रेमाचा अतिरेक आहे. सुती धाग्याचा पर्याय असतो, पण विणताना तो ताणला जात नाही, हाताला जड लागतो, आणि बहुतेक कृती लोकरीसाठीच लिहिलेल्या असतात.

मापाचा घोळ सुयांच्या नंबरापासून सुरू होतो. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालत आले: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलटं, आणि तिथली आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेलेली आजी दुकानातून आठ नंबरच्या सुया आणते, पाठ असलेले टाके घालते, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी काढलेला स्वेटर दीड वर्षाच्या मुलाला होतो. तिचा हात चुकलेला नसतो, पण नंबर पाठ असतो आणि मिलिमीटर नसतात.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा: आधी वीतभर रुंदीचा तुकडा विणून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. शंभर सेंटिमीटर घेराच्या स्वेटरसाठी, दहा सेंटिमीटरला २४ टाके धरून, २४० टाके घातले. पण तुमचा हात सैल आहे आणि प्रत्यक्षात २२ च बसतात. घेर १०९ सेंटिमीटर होतो. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, आणि अंगावर नऊ सेंटिमीटरचा झोळ. मदत मागणाऱ्या बायका 'किती टाके घालू?' एवढंच विचारतात आणि उत्तर देणाऱ्या आकडा सांगून टाकतात. 'तुझे किती बसतात?' हा उलट प्रश्न कुणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला. त्यांची गोल विणीची एक कृती छापताना संपादकांनी ती मोडून सपाट भागांची केली. मग त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचं वार्तापत्रच काढलं. १९७१ च्या 'निटिंग विदाउट टिअर्स' या पुस्तकातली त्यांची रीत साधी आहे. घेराचे टाके शंभर टक्के धरा. मनगटाला वीस टक्के, बाहीला वर तेहतीस, गळ्याला चाळीस. मग कुठलीही लोकर, कुठलीही सुई आणि कुठलंही अंग चालतं. बार्बरा वॉकर यांनी १९६८ पासून नमुन्यांचे संग्रह काढले आणि आलेखावर वीण मांडण्याची सवय लावली. जपानने तर टाक्यांची चिन्हं औद्योगिक मानकातच बांधून टाकली आहेत, त्यामुळे जपानी अक्षर न येणारीलाही तिथलं पुस्तक पाहून विणता येतं. आजचे बाहेरचे रचनाकार कृती विकायला काढण्याआधी ती हौशी विणकरांकडून वेगवेगळ्या मापांत विणून घेतात. त्या विणकरांनी कौतुक केलं तर ठीकच, पण त्यांचं खरं काम चुका दाखवणं असतं. नंतर चूक सापडली तर शुद्धिपत्र निघतं.

आपल्याकडे मराठीत कृती छापल्या जातात, त्यांना शुद्धिपत्र निघाल्याचं मी पाहिलेलं नाही. 'उरलेले टाके बंद करा' या ओळीपाशी आलं की सुईवर सात टाके जास्त असतात, आणि वाचणारी स्वतःलाच दोष देऊन उसवायला बसते. व्हिडिओंनी हा त्रास कमी केला, हे खरं. पण व्हिडिओ पुढची ओळ दाखवतो, पुढचं माप सांगत नाही. तो थांबवत, मागे नेत, हात बघत विणणारी बाई शेवटी दुसरीच्या मापाची वस्तू विणते. अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाच्या छोट्या बाहुल्यांची, लाट आली तिच्यात ही नक्कल फार दिसते. प्रदर्शनातल्या कुठल्याही स्टॉलवर तोच ऑक्टोपस, तीच मधमाशी, आणि ती मुळात ज्याने रचली त्याचं नाव कुठेच नाही.

 

यातलं सगळंच निराशाजनक नाही. नव्या कामात क्रोशाच्या रांगोळ्या, गजरे, नथी दिसतात, आणि त्यांतल्या काही खरोखर देखण्या आहेत; बऱ्याच एकमेकींच्या नकला आहेत. मला सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम दिसतं ते देवघरातल्या बाळकृष्णाच्या कपड्यांत. पितळी मूर्ती ताणली जात नाही, रांगणाऱ्या कृष्णाचा एक हात वर उचललेला असतो, प्रत्येक घरातली मूर्ती वेगळ्या उंचीची, आणि कुणाच्याही पुस्तकात तिच्या मापाची कृती नसते. त्यामुळे विणणारीला पट्टी घ्यावीच लागते. ती अंगाचा घेर मोजते, वर उचललेल्या हातासाठी मुंढा मोठा ठेवते, मागून उघडणारी बटणपट्टी करते. नाही बसलं तर उसवते आणि पुन्हा घालते. देव 'छान' म्हणत नाही. या बायकांनी आपल्या वहीत लिहिलेले आकडे एकत्र केले, मूर्तीची उंची, सुईचा मिलिमीटर, दोऱ्याचा नंबर आणि दहा सेंटिमीटरमधले टाके यांसह, तर मराठीतली मोजमापासकट लिहिलेली विणकामाची वही त्यातूनच सुरू करता येईल. तिच्या पहिल्या पानावर बाळाच्या गळ्याचं माप घालायला हरकत नाही.