तोफेच्या तोंडासमोर काय आहे?

स्केल मॉडेलिंगचे व्हिडिओ बघत असाल तर गंजाचं वेड तुमच्या नजरेला आलंच असेल. प्लॅस्टिकची तोफ जोडायची, एअरब्रशने रंगवायची आणि मग पुढचे पंधरा दिवस तिला म्हातारी करायची. स्पंजने रंगाचे टवके उडवायचे, तपकिरी वॉश फटींत सोडायचा, वर पिगमेंटची धूळ. हेअरस्प्रेची युक्ती तर अफलातून आहे: खालच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर वरचा रंग, मग ओल्या ब्रशने घासलं की वरचा थर खऱ्यासारखा सोलून निघतो. बघायला मजा येते, मलाही येते. पण मी तोफांचे डायोरामा जितके जास्त बघतो तितकं मला वाटतं की हा गंज बहुतेक वेळा खोटा आहे.

ब्रिटिशांची 25 पौंडर तोफ घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय तोफखान्याचा कणा हीच होती, त्यामुळे मॉडेलवाल्यांची लाडकी. मी 1:35 प्रमाणात तीच केली, अल अलामीनची म्हणून. आता विचार करा. वाळवंटाची कोरडी हवा, जेमतेम काही वर्षं जुनी तोफ, आणि रोज तिला पुसणारी सहा माणसं. नळीवर गंज दिसला असता तर सार्जंटने त्या सहा जणांचं काय केलं असतं? धातू उघडा पडतो तो हात लागतो तिथे: ब्रीचची मूठ, दिशा फिरवायची चाकं, बसायची जागा, आणि तोफेखालची ती गोल चकती, जिच्यावर चाकं टेकवून एक माणूस अख्खी तोफ फिरवू शकायचा. म्हणजे झीज ही कामाची खूण असते. सरसकट गंज लावला की तोफ कामाची न राहता भंगारातली होते, आणि आपण त्याला ‘रिअलिस्टिक’ म्हणून लाइक ठोकतो.

(जाता जाता: गोलंदाज हा शब्द आपण क्रिकेटला देऊन टाकला. मुळात तो तोफ डागणारा. या लेखात तो मी परत घेतोय.)

गंज मात्र किरकोळ तक्रार. माझी खरी अडचण अंतराची आहे. 25 पौंडरचा पल्ला साधारण 12 किलोमीटर. त्याला 35 ने भागा: सुमारे 350 मीटर. म्हणजे माझी तोफ पूर्ण पल्ल्यावर डागलेली दाखवायची, तर तिचा गोळा सोसायटीचं गेट ओलांडून, रिक्षा स्टँडच्याही पुढे कुठेतरी पडणार. मी कपाटात ठेवतो ती पाटी 30 सेंटीमीटरची. गोलंदाजांनाही समोर काही दिसत नसे. दुसरीकडे बसलेला कोणी निरीक्षक आकडे सांगायचा आणि हे त्या आकड्यांवर गोळे टाकायचे. तोफखान्याचा प्रत्येक डायोरामा म्हणूनच अर्ध्या घटनेचा असतो. मेहनत दिसते, शिस्त दिसते, पितळी काडतुसांचा झकास ढीग दिसतो. माणसं मरतात तो भाग कायम पाटीच्या बाहेर.

रणगाड्याच्या किंवा पायदळाच्या डायोरामात निदान एखादी पडकी भिंत, एखादा जखमी असतो. तोफेचा डायोरामा मात्र वर्कशॉपसारखा निरागस वाटतो, आणि त्याची लोकप्रियता मला यामुळेच थोडी खटकते.

विल्यम सिबॉर्नला ही अडचण नव्हती. या ब्रिटिश अधिकाऱ्याला 1830 मध्ये वॉटर्लूच्या लढाईचं मॉडेल करायचं काम मिळालं. तो रणांगणावरच्या ला ए सेंत या शेतवाडीवर आठ महिने राहिला, जमीन मोजली, आणि लढाईत असलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती? त्याने 1 मैलाला 9 फूट असं प्रमाण धरलं. त्या काळच्या तोफांचा प्रभावी मारा साधारण किलोमीटरभराचा, म्हणजे त्याच्या टेबलावर पावणेदोन मीटर. तोफ आणि तिचं लक्ष्य एकाच नजरेत मावतात. शिपाई मात्र साधारण सेंटीमीटरभर उंचीचे, जमिनीच्या हिशोबाने जवळजवळ तिप्पट. आजचा कुठलाही यूट्यूबर या चुकीवर हसेल. मला ती तडजोड प्रामाणिक वाटते, कारण तिच्यामुळे दोन्ही बाजू दिसतात.

आणि दोन्ही बाजू दिसल्या म्हणूनच भांडण झालं. सातच्या सुमारास प्रशियन सैन्य किती आत आलं होतं? सिबॉर्नच्या मांडणीत ते फार ठळक दिसत होतं, म्हणजे विजयात त्यांचा वाटा मोठा दिसत होता. वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचलं नाही. सरकारी पैसा आधीच आटला होता, सिबॉर्नने उसने पैसे घालून काम 1838 मध्ये पुरं केलं. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये सुमारे 1 लाख लोकांनी ते पाहिलं, त्याच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. पुढे प्रशियनांच्या मांडणीत फेरफार करायला तो तयार झाला. ते मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. मी ते फोटोंतूनच पाहिलंय. पण कथलाच्या बोटभरही नसलेल्या शिपायांची जागा सत्तेला बोचते, ही गोष्ट कुठल्याही फोटोइतकीच स्पष्ट आहे. माझ्या 25 पौंडरवर कोणी सेनापती कधीच चिडणार नाही. तिच्यात चिडण्यासारखं आहे काय?

आपल्याकडचा दिवाळीचा किल्ला इथे आठवणारच. बुरुजावर तोफ, अळिवाची हिरवळ, तोफेपेक्षा मोठा मावळा आणि सगळ्यांत मोठे सिंहासनावरचे महाराज. शत्रू तिथेही सहसा नसतो. पण किल्ला ‘अमुक तारखेला अमुक वाजता असंच होतं’ असा दावा करत नाही. डायोरामा करतो. पाटीखाली तारीख लिहिली की तिच्याशी इमान राखायला हवं.

अल अलामीनचंच बघा. मारा सुरू झाला 23 ऑक्टोबर 1942 ला रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी, सुमारे 900 तोफांमधून, भरल्या चांदण्यात. मी पाहिलेल्या बहुतेक ‘अल अलामीन’ डायोरामांत मात्र भर दुपारचं पिवळंधमक ऊन आहे, कारण दिवसा रंगकाम दिसतं. अमेरिकन मॉडेलकार शेप पेन यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं की डायोरामाने गोष्ट सांगायला हवी. इथे गोष्ट वॉशच्या बाटलीने ठरवली.

रात्र रंगवणं अवघड आहे, पण अशक्य नाही. निळसर राखाडी थर, चंद्राच्या बाजूने फिकट ड्रायब्रश, नळीच्या टोकाकडे तोंड असलेल्या चेहऱ्यांवर एकाच बाजूने नारिंगी. काडतुसांतल्या दारूच्या पिशव्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या असत, पण चांदण्यात त्या जवळजवळ सारख्याच दिसतील, म्हणून तो सुंदर तपशील मी मारून टाकला. जीव तुटला. माणसं सहा, एकही पोज देत नाही. एक गोळा आत रेटतोय, एक कानावर हात दाबून खाली बघतोय.

आणि पाटी मी नळीच्या तोंडापाशीच कापली, सरळ, कडेला ना दगड ना झुडूप. त्या कडेवर छोटी पितळी पट्टी आहे: ‘लक्ष्य: 350 मीटर पुढे’. घरी येणारे ती वाचतात आणि खिडकीकडे बघतात. तिथे समोरच्या इमारतीतल्या गच्चीवर कपडे वाळत असतात.