पागेतील दैनंदिन जीवन आणि छायाचित्रण : एव्हलिन कॅमेरॉन यांच्या चित्रसंग्रहाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

घोडा आणि छायाचित्रण यांच्या संबंधाचा विचार करताना कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील प्रयोगाचा उल्लेख प्रथम केला जातो. १९ जून १८७८ रोजी लेलंड स्टॅनफर्ड यांच्या मालकीच्या पागेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने बारा कॅमेरे मांडून 'सॅली गार्डनर' या घोडीची दौड टिपली. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्या चित्रमालिकेने दाखवून दिले. विज्ञान, चित्रकला आणि पुढे चलच्चित्र या तिन्ही क्षेत्रांच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, ज्या पागेत हा प्रयोग झाला त्या पागेचे जीवन या चित्रांतून कळत नाही. घोडी पांढऱ्या पडद्यासमोरून धावते. खरारा करणारे, चंदी घालणारे, नाल ठोकणारे हात त्या पडद्याच्या पलीकडे राहतात.

विसाव्या शतकात घोडेस्वार गुराख्याची प्रतिमा सिगारेटच्या जाहिरातींनी जगभर पोहोचविली. १९८० पासून रिचर्ड प्रिन्स या कलावंताने याच जाहिरातींची पुन्हा छायाचित्रे घेऊन त्या प्रतिमेची कृत्रिमता उघड केली. म्हणजे एका टोकाला प्रयोगाचा विषय झालेला घोडा आणि दुसऱ्या टोकाला विक्रीचे साधन झालेला घोडेस्वार दिसतो. दोन्ही ठिकाणी रोजचे काम अनुपस्थित आहे. या पार्श्वभूमीवर अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील टेरी या गावाच्या परिसरात १८९४ ते १९२८ या काळात एव्हलिन कॅमेरॉन यांनी केलेले छायाचित्रण वेगळे ठरते. कॅमेरॉन यांच्या चित्रांना दैनंदिन जीवनाचे दस्तऐवज म्हणून जे मोल आहे, ते त्यांच्या छायाचित्रणाचे स्थान पागेच्या कामकाजाच्या आत असल्यामुळे आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय. त्याच स्थानामुळे या चित्रांना पडलेल्या मर्यादांचाही येथे विचार केला आहे.

पागेचे अर्थकारण

एव्हलिन यांचा जन्म १८६८ साली लंडनजवळ एका सधन कुटुंबात झाला. १८८९ मध्ये पती इवेन कॅमेरॉन यांच्यासमवेत त्या शिकारीच्या निमित्ताने मोंटानात आल्या आणि लवकरच या दांपत्याने तेथेच वास्तव्य करण्याचे ठरविले. पोलोसाठी तट्टे वाढवून ती इंग्लंडला पाठवावयाची, असा त्यांचा बेत होता. या बेतामागील मागणीचा एक धागा भारतापर्यंत येतो. मणिपूर भागातील हा खेळ ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आत्मसात केला, १८५९ मध्ये सिल्चर येथे त्यांनी क्लब स्थापन केला आणि १८६९ च्या सुमारास हा खेळ इंग्लंडमध्ये रुजू लागला. वसाहतीतून मायदेशी गेलेल्या खेळासाठी अमेरिकेच्या कुरणांवर तट्टे वाढविण्याचा हा उद्योग एकोणिसाव्या शतकातील साम्राज्यव्यवहाराचे एक छोटे उदाहरणच ठरतो.

हा उद्योग फसला. अर्धवट रानटी शिंगरांना खोगिराची सवय लावणे, त्यांना आगगाडीने किनाऱ्यापर्यंत नेणे आणि तेथून अटलांटिक पार करविणे हे काम खर्चाचे आणि जोखमीचे होते. त्यातच १८९३ च्या आर्थिक अरिष्टाने अमेरिकेतील बाजार कोसळला होता. उत्पन्नाची अन्य साधने शोधणे भाग पडले. एव्हलिन यांनी घरी पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले, भाजीपाला पिकवून विकला आणि अशाच एका पाहुण्याकडून छायाचित्रणाचे प्राथमिक धडे घेतले. १८९४ मध्ये त्यांनी टपालाने पहिला कॅमेरा मागविला.

हा क्रम समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाश्चात्त्य देशांतील त्या काळच्या अनेक सधन स्त्रियांनी छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला. कॅमेरॉन यांचा वर्ग तोच असला तरी कारण निराळे होते. एका प्रतीचा दर २५ सेंट असे. गुराखी, मेंढपाळ, आगगाडीच्या मार्गावरील मजूर आणि शेतकरी हे त्यांचे ग्राहक होते. भाजीपाल्याच्या विक्रीप्रमाणेच चित्रांच्या विक्रीलाही घरखर्चाच्या जमाखात्यात स्थान होते.

कामांमधील एक काम

कॅमेरॉन यांनी सुमारे ३५ वर्षे नियमितपणे दैनंदिनी लिहिली. तीत भावनांपेक्षा कामांची नोंद अधिक आहे. दूध काढणे, पाव भाजणे, कोळसा खणून आणणे, घोड्यांना वळण लावणे, वासरांना डाग देणे, बागेला पाणी घालणे, हवामान आणि पत्रव्यवहार यांच्या ओळीतच छायाचित्रे काढल्याच्या, निगेटिव्ह धुतल्याच्या आणि प्रती काढल्याच्या नोंदी येतात. छायाचित्रणाला निराळे, उच्च असे स्थान दैनंदिनीत दिलेले नाही. कलावंताच्या दैनंदिनीत आढळणारे सौंदर्यविषयक चिंतन येथे शोधणाऱ्या अभ्यासकाची निराशा होण्याचा संभव आहे. मात्र नोंदींची ही रचनाच त्यांच्या चित्रदृष्टीची गुरुकिल्ली आहे.

ज्या घरात नळाचे पाणी वा वीज नाही, तेथे निगेटिव्ह धुण्यासाठी लागणारे पाणीदेखील वाहूनच आणावे लागते. दिवसाचा प्रकाश शेताच्या व गुरांच्या कामात जातो. परिणामी धुण्याचे काम रात्रीवर येते. कॅमेरा व त्याचे साहित्य घोड्यावर लादून मैलोन्मैल जावे लागते. पुढील काळात त्यांनी वापरलेला ग्राफ्लेक्स कॅमेराही वजनाला हलका नव्हता. अशा परिस्थितीत प्रत्येक चित्राला श्रमाची किंमत पडते. त्यामुळे सहज, विपुल आणि निरर्थक चित्रण येथे फारसे संभवत नाही.

या स्थानाचा परिणाम चित्रांच्या आशयावरही झालेला दिसतो. घोड्याला खोगीर कसे बसते, फास टाकताना शरीराचा तोल कोठे असतो, डाग देताना वासरू कसे धरले जाते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. बक्ली भगिनींची त्यांनी काढलेली चित्रे या संदर्भात लक्षणीय आहेत. या बहिणी स्वतःच्या कुटुंबाच्या रँचवर पुरुषांच्या बरोबरीने गुरे हाकीत व फास टाकीत. चित्रांत त्यांचे काम एखाद्या नवलाईसारखे मांडलेले नाही. काम जाणणाऱ्या व्यक्तीने काम जाणणाऱ्या व्यक्तींकडे पाहावे, तशी ही दृष्टी आहे.

शेजारच्या माइल्स सिटी येथील एल. ए. हफमन यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. हफमन १८७० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ट किओ या लष्करी ठाण्यावर छायाचित्रकार म्हणून आले. गवे मारणारे शिकारी, चेयेन लोक आणि मोकळ्या कुरणावरील गुराखी यांची त्यांची चित्रे इतिहासदृष्ट्या मौलिक आहेत. पुढे आपल्या जुन्या चित्रांच्या रंगविलेल्या प्रती विकून त्यांनी अस्तंगत होत असलेल्या पश्चिमेच्या स्मृतीला बाजारपेठ मिळवून दिली. हफमन यांच्या चित्रांचा ग्राहक बहुधा चित्राबाहेरचा होता. कॅमेरॉन यांचा ग्राहक बहुधा चित्रातच उभा असे. दूरच्या देशातील आप्तांना आपले नवे घर, आपली घोडी, आपली मुले दाखविण्यासाठी तो चित्र विकत घेई. येथे गतकाळाविषयीच्या हळहळीची जागा वर्तमानाच्या पुराव्याने घेतलेली दिसते.

दोन आत्मचित्रे

कॅमेरॉन यांची सर्वाधिक प्रसिद्ध प्रतिमा १९१२ मधील आहे. मोकळ्या माळरानावर जिम नावाच्या घोड्याच्या खोगिरावर त्या ताठ उभ्या आहेत. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपासची ही स्त्री कोणत्याही आधाराविना तोल सांभाळून आहे. स्त्रीस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून हे चित्र पुनःपुन्हा छापले गेले आणि त्यात गैर काही नाही. दुभागलेला घागरा घालून पुरुषासारखी मांड टाकून घोड्यावर बसल्याबद्दल माइल्स सिटीत त्यांना अटकेची ताकीद मिळाली होती, हे त्यांनीच १९१४ मध्ये 'कंट्री लाइफ' या इंग्लिश नियतकालिकातील लेखात नोंदविले आहे. ही पार्श्वभूमी पाहता चित्रातील आत्मविश्वासाला सामाजिक अर्थ निश्चितच आहे.

परंतु या एकाच चित्रावर त्यांची ओळख उभी करणे एकांगी ठरते. १९०४ मधील दुसऱ्या एका आत्मचित्रात त्या स्वयंपाकघरात पावासाठी पीठ मळीत आहेत. खोगिरावर उभी असलेली नायिका आणि परातीपुढील गृहिणी या दोन भिन्न स्त्रिया नाहीत. पहिल्या चित्रातील मोकळीक दुसऱ्या चित्रातील कामातून सुटका झाल्यामुळे आलेली नाही. दोन्ही कामे एकाच दिवसाच्या यादीत बसत होती. स्वयंपाकघरातील काम चित्रित करण्याजोगे आहे, हा निर्णय तितकाच, किंबहुना अधिक धाडसी मानावयास हवा. घोड्यावरील स्त्रीचे चित्र काढण्याची इच्छा कोणालाही होऊ शकते. पीठ मळणाऱ्या स्त्रीकडे मात्र, ती रोजच दिसत असल्यामुळे, कोणी पाहत नाही. एव्हलिन यांचे श्रम पती इवेन यांच्या पक्षिशास्त्रीय अभ्यासालाही आधारभूत होते. इवेन यांचे लेख 'द ऑक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांना घर चालविण्याच्या चिंतेतून मुक्त ठेवणारे आणि पक्ष्यांची छायाचित्रे पुरविणारे हात एकच होते. ज्ञाननिर्मितीतील स्त्रीश्रमांची ही बाजू केवळ प्रसिद्ध चित्राच्या आधारे ध्यानात येत नाही.

चौकटीबाहेर राहिलेले

कॅमेरॉन यांच्या चित्रांना संपूर्ण सत्य मानणे मात्र योग्य होणार नाही. यांतील अनेक चित्रे पैसे देणाऱ्याच्या इच्छेने, रांगेत उभे करून काढलेली आहेत. घर देण्याची ऐपत सिद्ध झाली की चित्र काढले जाते. घर सोडून जाण्याच्या दिवशी छायाचित्रकाराला बोलाविले जात नाही. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू प्रदेशात ३२० एकरांपर्यंत जमिनीवर हक्क सांगण्याची सोय झाली. नव्या लोहमार्गामुळे युरोपातून आलेली कुटुंबे पूर्व मोंटानात मोठ्या संख्येने वसली. १९१७ नंतरच्या अवर्षणाने त्यांपैकी अनेकांना देशोधडीस लावले. आगमनाचे चित्र जितके ठळक, तितके निर्गमनाचे नाही. हा दोष छायाचित्रकाराच्या दृष्टीपेक्षा चित्राच्या अर्थव्यवहारात आहे.

दुसरी अनुपस्थिती अधिक मूलभूत आहे. ज्या माळरानावर ही तट्टे चरत होती, ते क्रो, चेयेन व लकोटा लोकांचे भ्रमणक्षेत्र होते. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे लढाई झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच हे लोक राखीव क्षेत्रांत कोंडले गेले. गव्यांचे कळप १८८३ च्या सुमारास जवळजवळ नाहीसे झाले. कॅमेरॉन दांपत्य आले त्या वेळी 'मोकळे' दिसणारे कुरण अशा प्रकारे मोकळे केले गेलेले होते. वसाहतकारांचे दैनंदिन जीवन जिव्हाळ्याने टिपणारी चित्रे या पूर्वेतिहासाविषयी बहुतांशी मौन पाळतात. चित्रांतील आपुलकी खरी असली तरी तिच्याखालची जमीन कोणाची, हा प्रश्न वाचकाने विचारावयास हवा.

संग्रहाचे पुनरागमन

इवेन यांचे १९१५ मध्ये निधन झाले. एव्हलिन यांनी त्यानंतरही एकटीने रँच चालविली आणि २६ डिसेंबर १९२८ रोजी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या वस्तू मैत्रीण जॅनेट विल्यम्स यांच्याकडे आल्या. १८०० च्या आसपास निगेटिव्ह, २००० हून अधिक मूळ प्रती आणि दैनंदिन्यांचे खंड त्यांनी आपल्या टेरी येथील घराच्या तळघरात सुमारे अर्धशतक जपले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संपादक डॉना ल्यूसी तेथे पोहोचल्या आणि १९९० मध्ये त्यांनी कॅमेरॉन यांच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हा संग्रह पुढे मोंटाना हिस्टॉरिकल सोसायटीच्या ताब्यात आला.

येथे विद्यापीठीय अभ्यासाला एक धडा आहे. या संग्रहाचे जतन प्रथम कोणत्याही संस्थेने केले नाही. ते एका मैत्रिणीने केले. चित्रांसोबत दैनंदिनी टिकली नसती, तर आज आपल्यासमोर केवळ सुंदर, परंतु मुकी छायाचित्रे असती. चित्र दिवस दाखविते, दैनंदिनी त्या दिवसाचा हिशेब देते. दोन्ही साधने एकत्र वाचल्याविना दैनंदिन जीवनाचा इतिहास लिहिता येत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, कॅमेरॉन यांच्या छायाचित्रणाची विशेषता विषयाच्या अपूर्वतेत नाही. पागेतील कष्टाच्या कामांमध्येच छायाचित्रणाची गणना झाल्यामुळे त्यांच्या कॅमेऱ्याला कामाकडे कामकऱ्याच्या नजरेने पाहता आले. हीच नजर ग्राहकाच्या इच्छेने आणि वसाहतकाराच्या स्थानाने बांधलेलीही होती. या दोन्ही बाजू मान्य करूनच या संग्रहाचा साधन म्हणून उपयोग व्हावा. माळावर घोड्यावर उभ्या असलेल्या स्त्रीचे चित्र भिंतीवर लावताना पीठ मळणाऱ्या स्त्रीचे चित्र शेजारी असणे ही केवळ सजावटीची बाब नाही. श्रम कोणाचे आणि नोंद कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन चित्रांच्या शेजारपणातच सापडते.