हंसणें आणि हंसें : मराठी विनोदी चित्रपटांविषयीं

विनोदी चित्रपटाविषयीं गंभीरपणें लिहावयास बसणें हेंच पुष्कळांस विनोदी वाटण्याचा संभव आहे. शोकपर्यवसायी चित्रपटाची चर्चा करणारा टीकाकार विद्वान् ठरतो, आणि विनोदी चित्रपटाची चर्चा करणारा रिकामटेकडा ठरतो. आमच्या मतें हा न्याय उलटा आहे. रडूं येण्याचीं कारणें सर्व माणसांस बहुधा सारखींच असतात. मरण, वियोग, दारिद्र्य हीं पुण्यास जशीं रडवितात तशींच आमच्या पैठण तालुक्यांतील पाचोडासही रडवितात. हंसूं मात्र गांवोगांवचें आणि पिढीपिढीचें निराळें असतें. कोणता समाज कशास हंसतो हें कळलें म्हणजे त्या समाजाचें मन पुष्कळसें कळलें. म्हणून मराठी विनोदी चित्रपट कोणत्या उपायांनीं प्रेक्षकांस हंसवितो, आणि तें हंसूं शेवटीं कोणाच्या अंगावर जाऊन पडतें, ह्या दोन प्रश्नांचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हास्याची मीमांसा आपल्याकडे नवी नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत विकृत वेष, विकृत आचार व विकृत भाषण हीं हास्याचीं कारणें म्हणून सांगितलीं, आणि स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या लावून त्या उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत वांटून दिल्या. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ ह्यानें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, जिवंत माणूस यंत्रासारखा वागूं लागला म्हणजे हंसूं येतें, आणि हंसतांना आपलें अंतःकरण क्षणभर बधिर व्हावें लागतें. मराठींत तात्यासाहेब केळकरांनीं ‘हास्यविनोदमीमांसा’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. ह्या सर्व विवेचनांत एक शब्द मात्र नीट तपासून घ्यावयास हवा, व तो म्हणजे ‘विकृत’ हा होय. विकृत म्हणजे नेहमींच्याहून निराळें. पण नेहमींचें कोणाचें? खेडुताचें बोलणें नागर माणसास चमत्कारिक वाटतें. परंतु मोसंबीचा भाव पुस्तकी भाषेंत विचारणारा नागर माणूस बागाइतदारास तितकाच चमत्कारिक वाटतो. चित्रपट आपणांस ह्या दोघांपैकीं कोणाच्या शेजारीं बसवितो, ह्यावर त्याची योग्यता पुष्कळ अंशीं अवलंबून असते.

मराठी मनुष्यानें चित्रपट काढावयास आरंभ केला तेव्हांपासून विनोद त्याच्या बरोबर आहे. दादासाहेब फाळके ह्यांनीं ‘राजा हरिश्चंद्रा’च्या पाठोपाठ १९१४ सालीं ‘पिठाचे पंजे’ नांवाचा लहानसा विनोदी पट काढला होता. बोलपट आल्यावर मात्र विनोदास खरा कंठ फुटला. सन १९३८ मध्यें मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केलेला व आचार्य अत्र्यांनीं लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ हा उपहासप्रधान प्रकाराचा उत्तम नमुना आहे. औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, आणि त्याच क्षणीं ती प्रतिज्ञा मोडणार हें प्रेक्षकांस कळून चुकतें. येथें हंसूं येतें तें अनपेक्षितामुळें नव्हे; अपेक्षित असलेली गोष्ट केव्हां व कशी घडते, ह्या उत्कंठेंतून तें येतें. किशोरीच्या पोहण्याच्या पोषाखाची त्या वेळीं फार चर्चा झाली व तिनें गर्दीही खेंचली असेल. परंतु चित्रपट टिकला तो ढोंगी निश्चयाच्या फजितीमुळें. पुढल्याच वर्षीं आलेल्या ‘ब्रँडीची बाटली’ ह्या चित्रपटांतील बगाराम तर ब्रँडी म्हणजे काय हेंही न जाणणारा भोळा जीव आहे. त्याला बाटलीच्या शोधार्थ हिंडवून लेखकानें हंसूं बगारामाच्या अज्ञानावर न थांबवितां भोंवतालच्या शहाण्यांच्या दांभिकपणापर्यंत नेलें आहे.

दुसरा प्रकार स्वभावनिष्ठ विनोदाचा. चिं. वि. जोशी ह्यांच्या लेखणींतून उतरलेला ‘लग्न पहावें करून’ हा चित्रपट १९४० सालीं आला, आणि दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग ह्या जोडीनें चिमणराव व गुंड्याभाऊ ह्यांस देह दिला. दामुअण्णांच्या तिरळ्या डोळ्यास लोक हंसत, हें खरें. पण केवळ डोळ्यास हंसणारा प्रेक्षक दहा मिनिटांत कंटाळतो. पुढचे दोन तास त्याला धरून ठेवतो तो चिमणरावांचा स्वभाव. मध्यम वर्गांतील प्रत्येक कुटुंबास त्या स्वभावांत आपला एखादा काका किंवा मेहुणा दिसतो, आणि मनाचा प्रामाणिकपणा असेल तर आपण स्वतःही दिसतों. राजा परांजपे ह्यांच्या ‘लाखाची गोष्ट’ ह्या १९५२ सालच्या चित्रपटांत पैसा मिळविण्याऐवजीं तो खर्च करणें हीच अडचण करून ठेविली आहे. नेहमींची विवंचना उलटी करून दाखविण्याची ही युक्ति फार साधी आहे. महिनाअखेरीस हिशेब जुळविणाऱ्या प्रेक्षकास ती गुदगुल्या करते, कारण त्याची स्वतःची विवंचना तीच असून तिचें तोंड मात्र दुसरीकडे वळविलेलें असतें.

तिसरा प्रकार वेषांतराचा व घोटाळ्याचा. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा त्याचा सर्वांत लोकप्रिय नमुना. हृषीकेश मुखर्जी ह्यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) ह्या हिंदी चित्रपटाच्या कल्पनेवर तो आधारलेला असून त्याची पटकथा वसंत सबनीस ह्यांची आहे. चार तरुणांस पुण्यांत जागा हवी आहे, घरमालकीण जोडप्यांवांचून कोणास जागा देत नाहीं, म्हणून दोघांस लुगडीं नेसावीं लागतात. पडद्यावरच्या मंडळींस न कळलेलें गुपित प्रेक्षकास आरंभापासून ठाऊक असतें. हाच ह्या प्रकाराचा कणा. प्रेक्षक नुसता पाहणारा न राहतां कटांतील पांचवा गडी होतो, व गुपित फुटेल कीं काय ह्या धास्तीनें त्याचेंच हंसूं वाढत जातें. पण एवढ्यानें भागलें नसतें. डोक्यावर छप्पर नसण्याची जी अडचण ह्या सोंगाच्या मुळाशीं आहे ती खरी आहे, आणि ज्यानें शहरांत खोली शोधली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाहीं. महेश कोठारे ह्यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) ह्या चित्रपटांत भीति व हास्य ह्यांची सांगड आहे. खुनी मनुष्याचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. बाहुला हलला कीं छाती धडधडते, आणि तो शिव्याशाप देऊं लागला कीं तीच धडधड हंसण्यावाटे बाहेर पडते.

चौथा प्रकार तमाशांतून आला. दादा कोंडके ह्यांच्या ‘सोंगाड्या’नें १९७१ सालीं जो विजय मिळविला त्याची मालिका पुढें इतकी लांबली कीं, रौप्यमहोत्सवी चित्रपटांच्या विक्रमासाठीं त्यांचें नांव गिनीज बुकांत गेलें. सुशिक्षित कुटुंबांनीं ह्या चित्रपटांस नाक मुरडलें, आणि त्यांतील कांहीं भागास तें योग्यही होतें. परंतु त्यांच्या युक्तीचें मर्म समजून घेतल्याखेरीज नाक मुरडणें ही टीका नव्हे. कोंडक्यांचा नायक द्वयर्थी वाक्य अगदीं निष्पाप चेहऱ्यानें बोलतो. दुसरा अर्थ त्याला जणूं ठाऊकच नसतो, तो प्रेक्षकानें आपल्या मनांत पुरा करावयाचा असतो. त्यामुळें अश्लीलतेचा आरोप करावयाचा तर तो प्रथम स्वतःवर करावा लागतो. शिवाय हा बावळट दिसणारा गडी शेवटीं हरत नाहीं. पाटील, सावकार, हवालदार ह्यांची खुर्ची त्याच्या बावळटपणानेंच डगमगते. गिरणगांवांतील कामगार व खेड्यांतील शेतकरी ह्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें तें उगीच नव्हे. आमचा आक्षेप आहे तो निराळ्या ठिकाणीं. ह्या विनोदाचें सारें ओझें पुष्कळदां स्त्रीच्या देहावर येऊन पडतें, आणि तिला मात्र उलट टोला हाणण्याची संधि क्वचितच मिळते. जो विनोद पाटलाविरुद्ध शूर असतो तो बाईपुढें असा सोपा मार्ग कां धरतो, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनीं स्वतःस विचारावयास हवा.

आतां आम्ही मूळ मुद्द्याकडे वळतों. वरील सर्व प्रकारांत प्रेक्षकास पात्रापेक्षां थोडें उंच बसविलेलें असतें. पात्रास जें कळत नाहीं तें त्याला कळतें. ही उंची ज्ञानाची असेल तर तींत दोष नाहीं. गुपित ठाऊक असल्यानें कोणी श्रेष्ठ ठरत नाहीं, व चित्रपट संपतांच ती उंचीही संपते. पण हीच उंची जेव्हां जातीची, रंगाची, देहाची किंवा बोलीची होते, तेव्हां हंसण्याचें हंसें होतें. शहरी कथानकांत खेड्यांतला गडी, मोलकरीण किंवा हवालदार येतो. त्याला कांहीं विनोदी बोलावयास दिलेलेंच नसतें, तो केवळ आपल्या बोलींत बोलतो आणि लोक हंसतात. तेथें लेखकानें विनोद केलेला नसतो. विनोदाची मजुरी त्यानें परस्पर त्या बोलीकडून करून घेतलेली असते.

पाचोड हें छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, मोसंबीच्या बाजारपेठेचें गांव. इकडचा माणूस ‘कां’ म्हणावयाच्या जागीं ‘काहून’ म्हणतो, ‘काय करतोस’ ह्याऐवजीं ‘काय करूं राहिला’ म्हणतो, आणि निजामी राजवट १९४८ सालीं संपली तरी उर्दूचे शब्द त्याच्या तोंडांत घरच्यासारखे वावरतात. ह्या बोलींत विनोद भरपूर आहे. भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यास, पावसास आणि सरकारी कचेरीस ती जे टोमणे मारते ते ऐकावयास कोणीही बाजाराच्या दिवशीं यावें. पण त्या टोमण्यांत बोली ही हंसण्याचें साधन असते, हंसण्याचा विषय नसते. पडद्यावर पुष्कळदां हें उलटें होतें. त्याचा परिणाम आम्हां अध्यापकांस वर्गांत दिसतो. खेड्यांतून महाविद्यालयांत आलेलीं बुद्धिमान् मुलें पहिलें वर्षभर तोंड उघडीत नाहींत. उत्तर त्यांना येत असतें, पण उत्तराआधीं हंसूं येईल ह्याची त्यांना धास्ती असते. हा सर्व दोष चित्रपटांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु ‘काहून’ ऐकतांच हंसावयाचें असतें, हा धडा त्यांच्या सोबत्यांस कोठून तरी मिळालेला असतो.

म्हणूनच ‘कायद्याचं बोला’ ह्या २००५ सालच्या चित्रपटाचें आम्हांस विशेष महत्त्व वाटतें. चंद्रकांत कुलकर्णी ह्यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ‘माय कझिन विनी’ ह्या १९९२ सालच्या अमेरिकन चित्रपटावरून बेतलेला आहे. खुनाच्या आरोपांत सांपडलेल्या तरुणांचा बचाव करण्यास एक गांवाकडचा वकील उभा राहतो, आणि ती भूमिका मकरंद अनासपुरे ह्यांनीं आपल्या मराठवाडी बोलींत केली आहे. आरंभीं प्रेक्षक त्या बोलीसच हंसतो, आणि चित्रपटही त्याला हंसूं देतो. पुढें साक्षीदारांची उलटतपासणी सुरू होते. तीच बोली, तोच हेल, पण आतां हंसूं फिर्यादी पक्षाच्या फजितीचें असतें. एकाच चित्रपटांत हास्याची बाजू बदलते, आणि प्रेक्षक आपण होऊन आपली खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूस नेऊन ठेवतो. उपदेशाचा एक शब्द न बोलतां साधलेली ही गोष्ट आहे. उमेश कुलकर्णी ह्यांच्या ‘वळू’ (२००८) व ‘देऊळ’ (२०११) ह्या चित्रपटांतही गांवकऱ्यांच्या खोडी सोडलेल्या नाहींत. पण तेथें प्रत्येक जण आपल्या हिशेबानें शहाणा असतो. मोकाट वळूस पकडावयास आलेल्या वनाधिकाऱ्यास गांव जितकें हंसूं आणतें तितकेंच तो अधिकारीही गांवास आणतो. ही परतफेड जेथें आहे तेथें हंसें होत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, खेड्यांतला प्रेक्षक स्वतःच अशा पात्रांस सर्वांत मोठ्यानें हंसतो, मग तुम्ही कां कळवळतां? तो हंसतो हें खरें. पण हंसण्याचे दोन प्रकार आहेत. आपला शेजारी हुबेहूब पडद्यावर दिसला म्हणून येणारें हंसूं ओळखीचें असतें, व तें निरोगी असतें. दुसरें हंसूं, ‘मी त्यांतला नव्हे’ हें भोंवतालच्यांस दाखविण्यासाठीं घाईनें हंसलेलें असतें. पहिल्यानें माणूस मोकळा होतो. दुसऱ्यानें तो आपल्याच घराचें दार हळूच बाहेरून लावून घेतो. आवाज दोहोंचा सारखाच, म्हणून तिकिटविक्रीच्या आंकड्यांवरून ह्यांतील भेद कळत नाहीं. तो शोधून काढणें हें टीकाकाराचें काम आहे.

विनोदास उपदेशाच्या दावणीस बांधावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्याला विदेशी तराजूही लागत नाहीं. पैठणांत तो चारशें वर्षांपूर्वींच ठेवून दिलेला आहे. एकनाथांनीं भारुडें रचलीं तेव्हां जमलेल्या लोकांस हंसविण्याची कला त्यांना पुरती अवगत होती. वेडी, मुका, बहिरा, जोशी, वाघ्या, जोहार करणारा महार अशीं सोंगें त्यांनीं घेतलीं, आणि ज्यांस लोक हंसत त्यांच्याच तोंडीं शहाणपण घातलें. सोंग पाहून जमलेला माणूस शेवटीं सोंगाचें ऐकून घरीं जाई. मराठी विनोदी चित्रपटानें वेषांतर करावें, घोटाळे करावे, भुतें नाचवावीं. त्याला कशाचीच बंदी नसावी. मात्र ज्याला पाहून आपण हंसलों त्याला एखादें तरी शहाणपणाचें वाक्य बोलण्याची पाळी द्यावी. तशी पाळी देणारा चित्रपट पाहून आलेल्या एखाद्या मुलानें दुसऱ्या दिवशीं वर्गांत उभें राहून ‘हें असं काहून?’ असें आपल्या बोलींत विचारलें, आणि वर्ग न हंसतां उत्तराची वाट पाहूं लागला, तर त्या चित्रपटानें आपलें तिकीट वसूल करून दिलें असें आम्ही समजूं.