फादर सांतापाव यांचे खंडाळा

धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ एकाच माणसात भेटले की चरित्र सांगणारे त्या नवलाईतच अडकतात. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३-१९७०) यांच्याविषयी बोलतानाही असेच होते. स्पेनमध्ये जन्म, जेझुइट पंथाची दीक्षा, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद, १९६७ मध्ये पद्मश्री. हे सगळे खरे आहे. पण या माणसाने नेमके काय केले ते यातून कळत नाही. त्यासाठी त्यांचे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले 'द फ्लोरा ऑफ खंडाळा' उघडावे लागते.

फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशातील वनस्पतींची शास्त्रीय नोंदवही. सबंध मुंबई इलाख्याची अशी नोंदवही थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली होती. मग त्यातल्याच एका लहानशा गावासाठी वेगळा ग्रंथ कशाला? आमच्या मते पुस्तकाचे खरे मोल इथेच आहे. इलाखाभर फिरणारा अभ्यासक एकेका जागी किती वेळा जाणार? खंडाळा मात्र मुंबईहून रेल्वेने गाठता येते, पुन्हा पुन्हा. पावसाळ्यात उगवून थंडीच्या आत दिसेनाशा होणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती एका फेरीत सापडत नाहीत. कारवी तर सात वर्षे नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते आणि मरते. कारवीच्या प्रजातीतील झुडपांच्या व बांबूंच्या अशा सामूहिक फुलण्यावर सांतापाव यांनी १९६२ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला.

दुसरे मोल पुराव्याचे. सेंट झेवियर्समधील वनस्पतिसंग्रहालयाला त्यांच्या आधीचे जेझुइट अभ्यासक फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांचे नाव आहे. अशा संग्रहात वाळवून कागदावर चिकटवलेला नमुना जपला जातो. शास्त्रीय नावे बदलतात. कारवीलाच दोन वेगवेगळ्या प्रजातींत घातले गेले आहे. पण नमुना हाताशी असेल तर पुढच्या पिढीला मागच्यांची चूक तपासता येते.

आता उणिवा. पहिली भाषेची. पुंकेसर आणि अंडाशयाच्या इंग्रजी-लॅटिन परिभाषेतून वाट काढत शाळेच्या वाटेवरचे झाड ओळखणे शिक्षकाला सोपे नाही. सांतापाव यांनाही सामान्य वाचकाची गरज जाणवली असावी; १९६६ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी 'कॉमन ट्रीज' लिहिले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि ती लेखकापेक्षा या ग्रंथप्रकाराची आहे. कोणती वनस्पती होती हे फ्लोरा सांगते. किती होती याबाबत 'विपुल', 'दुर्मीळ' यांपलीकडे ती सहसा जात नाही. खंडाळ्यात बंगले वाढले, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आज एखादी वनस्पती घटली का, असे विचारले तर आपल्याजवळ तुलनेला आकडा नसतो.

म्हणूनच अशा पुस्तकाला शेवटचा शब्द मानून कपाटात ठेवणे हा त्याचा अपमान ठरेल. शाळेमागची एखादी टेकडी निवडावी. तिथल्या दहाच वनस्पती घ्याव्यात. दर महिन्याला मुलांनी झाडे मोजावीत, फूल-फळाची तारीख लिहावी, आणि वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. सांतापाव यांच्याकडून शिकायचे ते हेच, आणि त्यांच्या कामात राहिलेले मोजमापही यातूनच सुरू होईल.