यंत्राची साक्ष : कोलटकरांची गाणी आणि किमचे छायाचित्र

अरुण कोलटकरांच्या (१९३१-२००४) वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार करताना त्यांच्या इंग्रजी गाण्यांचा उल्लेख येतो तो बहुधा चरित्रातील एक रंजक तपशील म्हणून. जाहिरातक्षेत्रातील या नामवंत कलादिग्दर्शकाने १९७०च्या सुमारास ब्लूज आणि रॉक यांच्या वळणाची गाणी लिहिली, त्यांतील काहींचे नमुना-ध्वनिमुद्रणही झाले; परंतु बाजारात त्यांची तबकडी निघाली नाही. कवीचा हा एक छंद, असे म्हणून समीक्षा पुढे सरकते. 'छंद' या शब्दात जे गृहीत धरले जाते, तेच मुळात तपासावयास हवे.

आवडत्या कवी-लेखकांविषयी एका मुलाखतीत कोलटकरांनी दिलेली लांबलचक यादी प्रसिद्ध आहे. तीत जनाबाई, तुकाराम, होनाजी, पठ्ठे बापूराव यांच्या पंक्तीत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली आणि बॉब डिलन आहेत. बळवंतबुवा हे भजनगायकही आहेत. साहित्य एकीकडे आणि संगीत दुसरीकडे, अशी वाटणी येथे नाही. पखवाज शिकणारे कोलटकर आणि ब्लूज लिहिणारे कोलटकर यांना जोडणारा दुवा आहे तो गायिल्या जाणाऱ्या बोलीचा. 'अरुण कोलटकरच्या कविता' (१९७७) या संग्रहातील लयीचे मूळ केवळ अतिवास्तववादात शोधणारी मांडणी त्यामुळेच अपुरी ठरते.

प्रकाशनाच्या बाबतीतही हीच वृत्ती दिसते. १९५४मध्ये सुरू झालेल्या चक्रमुद्रित 'शब्द'शी त्यांचा संबंध होता. 'जेजुरी' (१९७६) कवींनीच चालविलेल्या क्लिअरिंग हाउसतर्फे निघाली. मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढले. ज्याचा दिवस ग्राहकाच्या मागणीबरहुकूम प्रतिमा घडविण्यात जातो, त्याने कवितेसाठी ग्राहक नसलेली जागा राखली होती. संगीतात पुढे 'इंडी' या संज्ञेने जे सुचविले जाऊ लागले, ते हेच.

आज वाशी-नेरुळ-बेलापूरकडील एखादा तरुण संकल्पनकार दिवसभर संगणकावर काम करतो, सुट्टीच्या दिवशी छत्तीस चित्रांचे फिल्मचे रीळ कॅमेऱ्यात भरतो आणि इंडी गाणी ऐकतो. कोलटकर त्याला आपले पूर्वज वाटले तर नवल नाही. परंतु या नात्यात एक घोटाळा आहे. कोलटकरांच्या काळी ध्वनिफीत वा फिल्म ही निवड नव्हती, उपलब्ध साधन होते; मर्यादा ही परिस्थिती होती, शैली नव्हे. (वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६च्या निबंधात ज्या यांत्रिक प्रतिकृतीमुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे म्हटले, तिच्यातच आता ते वलय शोधले जाते, ही गंमत नजरेआड करण्याजोगी नाही.) फिल्मच्या ठशाला अस्सलपणाची हमी मानण्याचा हा जो विश्वास आहे, त्याची खरी कसोटी 'भिजकी वही'त (२००३) लागते.

या संग्रहातील 'किम' या कवितेमागे एक फिल्मवरचे छायाचित्र आहे. ८ जून १९७२ रोजी ट्रांग बांग येथे दक्षिण व्हिएतनामी विमानांनी टाकलेल्या नापामने भाजलेली नऊ वर्षांची फान थी किम फुक त्यात रस्त्यावरून धावते आहे. असोसिएटेड प्रेसचे निक उट यांना त्यासाठी १९७३चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. रोलाँ बार्थ यांनी १९८०मध्ये छायाचित्राचे जे मर्म सांगितले, ते असे की, भिंगासमोर काहीतरी खरोखर होते एवढे ते निर्विवाद सिद्ध करते. परंतु भिंगामागे कोण होते? 'द स्ट्रिंगर' या माहितीपटाने २०२५मध्ये तोच प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर वर्ल्ड प्रेस फोटोने छायाचित्राचे श्रेय स्थगित केले. असोसिएटेड प्रेसने मात्र, श्रेय बदलण्याइतका निर्णायक पुरावा नाही, अशी भूमिका घेऊन उट यांचे नाव कायम ठेवले. ठसा मुलीच्या यातनेची साक्ष देतो, स्वतःच्या कर्त्याची देत नाही.

कोलटकरांनी कवितेला नाव दिले आहे ते किमचे. हायपेशिया, राबिया, कसांद्रा अशा स्त्रियांच्या अश्रूंच्या मालिकेत तिला आणून बसविताना त्यांनी छायाचित्राला पुरावा म्हणून पुढे केलेले नाही. एका प्रतिमेत अडकलेल्या व्यक्तीचे नाव परत घेतले आहे. संग्रह आला तेव्हा ती चाळिशीची, कॅनडात स्थायिक झालेली स्त्री होती. जगभर छापली जात राहिली ती मात्र नऊ वर्षांची.