घुमटाखालची विहीर

जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्चमध्ये घुमटाच्या खाली एक चौकोनी ओटा आहे आणि त्या ओट्याखाली विहीर. आमच्या बेळगावकडची मंडळी तिथे गेली की कोणीतरी हलक्या आवाजात सांगतोच, "इथं पूर्वी देऊळ होतं!" मीही ही गोष्ट लहानपणी ऐकली आणि पुढे अनेकांना रंगवून सांगितली. आता मात्र त्या सांगण्याचीच समीक्षा करावीशी वाटते.

हे चर्च सतराव्या शतकात थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी उभारले. गोवळकोंड्यात धर्मकार्याला मुभा न मिळाल्याने ते गोव्यात स्थिरावले होते. तिथे देऊळ होते याला नुसती विहीर हा पुरावा पुरेसा नाही. उलट मांडवीपलीकडच्या दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराची कथा पाहा. देऊळ पाडल्यावर लिंग विहिरीवर पाणी शेंदायला वापरले गेले आणि भाविकांनी ते डिचोलीतील नार्वे येथे नेले, असे लोक सांगतात. या कथेच्या पाठीशी कदंबांच्या नाण्यांवरचे देवाचे नाव आहे, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. हेच कदंब आपल्या खानापूर तालुक्यातील हळशीहूनही राज्य करीत.

एका कथेला आधार आहे, दुसरीला नाही. तरी दोन्ही कथा पाण्यापाशीच का येऊन थांबतात? मला वाटते, मर्म इथेच आहे. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. देव हलवता आले. विहीर कोणालाच हलवता आली नाही. मागे राहिलेल्यांची आठवण म्हणून पाण्याला चिकटून राहिली.

ही कथा म्हणजे हुरहुरीचा दस्तऐवज आहे. आपण तिचे प्रतिज्ञापत्र करतो, तेव्हा तिचा जीवच जातो. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे कोणी वेगळे सांगायला नको. १९५६ पासून आपल्याकडे दगड, पाटी, गावाचे नाव, सारेच पुराव्यादाखल मांडले जाते. हक्कासाठी पुरावे लागतात, हे खरे. पण आजीची गोष्टही त्याच फायलीत लावली, तर नातवंडांना सांगायला उरणार काय?

म्हणून यापुढे त्या ओट्यापाशी मी एवढेच सांगेन : "खाली पाणी आहे. लोक म्हणतात, इथं देऊळ होतं." 'लोक म्हणतात' हे दोन शब्द मी इतकी वर्षे गाळत होतो.